तेरावी कामटी

एका गावात एक सोनार राहत होता आणि त्याला एकटी वस्तू मुळी खपत नसे.

त्याचं नाव नारूशेट. पन्नास वर्षं त्यानं कुड्या केल्या त्या दोन, पाटल्या केल्या त्या दोन, तोडे केले ते दोन. कुणी एकच कुडी दुरुस्तीला आणली तर तो ती परत करी. "दुसरीही घेऊन या," म्हणे. "दोघी शेजारीशेजारी बसल्याशिवाय मला खरं काही दिसत नाही." ही सवय अंगात इतकी मुरली होती की जेवताना भाकरीही तो दोनच खाई. भूक दीड भाकरीची असली तरी दोन, अडीचची असली तरी दोन.

दुकानाच्या कोनाड्यात एक लाकडी डबी होती. जिची जोडी हरवली ती वस्तू त्या डबीत पडे आणि पुढेमागे मुशीत जाऊन वितळे. एकट्या कुडीला दुसरी वाट नाही, असं नारूशेट म्हणत असे. फक्त एक कुडी त्या डबीत वर्षानुवर्षं तशीच होती. सात मोत्यांची. ती त्याच्या बायकोची, अंबूची. तिच्या जोडीची कुडी नदीवर धुणं धुताना वाहून गेली होती. "करून देतो, करून देतो," म्हणता म्हणता लोकांच्याच कुड्या होत राहिल्या, आणि एके वर्षी अंबूच गेली.

अडुसष्टाव्या वर्षी नारूशेटची नजर अधू झाली. एका नवरीच्या पाटलीवरचं नक्षीचं पान त्यानं उलटं बसवलं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात आलं नसतं. त्याच्याच बोटांना ते कळलं. त्यानं पाटली पुन्हा घडवली आणि मुलाला, केशवला, हाक मारून सांगितलं, "येत्या खंडेनवमीला तू हत्यारं घे."

त्या गावची तशी रीतच होती. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होई. ज्या कारागिराचे हात किंवा डोळे थकले, त्यानं त्या दिवशी आपली हत्यारं पुढच्या पिढीच्या हाती द्यायची. मग गाव त्याला शाल-नारळ देई आणि वडाच्या पारावर बसायला जागा देई. पारावर ज्याची जागा, त्याला गावच्या प्रत्येक पंगतीत पहिलं पान आणि प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द. अट एकच होती. त्यानंतर त्यानं हत्यार हातात धरायचं नाही. धरलं, तर जागा गेली.

नारूशेटनं चिमटा आणि फुंकणी केशवच्या हाती दिली, शाल पांघरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पारावर जाऊन बसला.

पारावर आधीच सात म्हातारे होते. खोडाला पाठ टेकायची जागा सगळ्यांत मानाची. तिथं गणूतात्या बसत. ते एके काळी गावचे सुतार होते. एखादा वर गेला की उरलेले सगळे एकेक जागा खोडाकडे सरकत. नारूशेटला आठवी, अगदी कडेची जागा मिळाली.

पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी कंबरेवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुडघ्यांवर.

नारूशेटनं विचारलं, "तात्या, खोडाला टेकलं म्हणजे पुढचा नंबर आपलाच ना?"

"आपलाच."

"मग त्या जागेसाठी एवढी ओढ कशाला?"

"मान आहे बाबा," गणूतात्या म्हणाले आणि त्यांनी पाठ खोडाला आणखी घट्ट टेकवली.

घरीही मान काही कमी नव्हता. "बाबा, तुम्ही आता नुसतं बसायचं," असं केशव म्हणे. पण बसायचं कुठं? ओसरीवर खाट टाकली तर सकाळी सडा घालताना ती उचलावी लागे. परसात टाकली तर दुपारी वाळवणाच्या आड येई. दिवसातून चार वेळा खाट हले आणि खाटेबरोबर नारूशेट. घरात केशव-सगुणा नवरा-बायको, दोन जुळ्या नाती, गोठ्यात दोन म्हशी. सगळं जोडीनं. नारूशेट एकेकदा कोनाड्यातल्या डबीकडे बघे आणि मनाशी म्हणे, "आता आपणही त्या डबीतलेच."

रिकामा हात स्वस्थ बसत नाही. दुकानातून हातोडीचा आवाज आला की तो ओसरीवरून ओरडे, "हळू, केशवा! पत्रा फाटेल!" पत्रा कधी फाटत नसे, केशवचं डोकं मात्र रोज फिरे. मग एका दुपारी सगुणा विहिरीवर गेलेली बघून नारूशेटनं स्वयंपाकघरातले सगळे डबे जोडीजोडीनं लावून ठेवले. मोठ्याशेजारी मोठा, लहानाशेजारी लहान. डोळ्याला छान दिसत होतं. संध्याकाळी पाहुणे आले, सगुणानं शिरा केला, आणि पहिल्या घासालाच पाहुण्यांचे डोळे पांढरे झाले. साखरेच्या जागी मिठाचा डबा येऊन बसला होता.

सगुणानं पाहुण्यांसाठी दुसरा शिरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक सूप सासऱ्याच्या हातात ठेवलं.

"मामंजी, याची कड सुटलीय. हौसाकडे नेऊन द्याल? आणि हे बघा, घाई नाही. ती करीपर्यंत तिथंच बसलात तरी चालेल."

हौसा ही गावची बुरूडबाई. वय चाळिशीच्या आसपास. कोयत्याला धार होती, त्याहून जास्त जिभेला. अंगणात बांबूंचा ढीग लावून ती टोपल्या, सुपं, डालगी विणत बसे. दारात सोनार बघून तिनं पुढं पाट सरकवला.

"बसा, शेट. सोन्याचं सूप आणलंत का?"

नारूशेट पाटावर बसला. हौसानं एक बांबू उभा धरला, टोकाला कोयत्याचा एक घाव घातला, आणि कोयता जरासा पिरगाळताच बांबू खालपर्यंत सरळ चिरत गेला. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा पातळ लांब पट्ट्या सुटत गेल्या. या पट्ट्यांना ती कामट्या म्हणे. नारूशेटला दुरून त्या नीट दिसेनात. त्यानं एक उचलून अंगठ्याखाली धरली. जाडी एकसारखी. सोन्याची तार ओढावी तशी.

"डोळ्यांनी मापलीस?" त्यानं विचारलं.

"डोळे कुठले? बोटांनी. डोळे मी गिऱ्हाइकावर ठेवते."

त्या दिवशी नारूशेट जेवायला उशिरा घरी आला. दुसऱ्या दिवशी तो तांदूळ धुवायची रोवळी घेऊन गेला. तिला काही झालेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं गेला.

हौसा म्हणाली, "शेट, आज काय मोडलं?"

"काही नाही."

"मग आज काय मोडायला आलात?"

नारूशेटनं एक कामटी उचलली. मग म्हणाला, "हौसा, मला शिकवशील?"

हौसाचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. थट्टा दिसली नाही. "शिकवीन की. पण शिकणारा पाटावर बसत नाही, शेट. तुमच्या दुकानात बसत होता का?"

नव्हता बसत. नारूशेटच्या हाताखाली अकरा जण शिकून गेले होते आणि अकराही जण जमिनीवर बसले होते. नारूशेटनं एक हात खांबाला लावला, एक गुडघ्यावर ठेवला आणि तो पाटावरून खाली उतरला. गुडघे दोन्ही वाजले. अर्थात, जोडीनंच.

चार दिवसांनी त्यानं आपली पहिली टोपली विणायला घेतली. सहा कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकल्या, म्हणजे चहूकडे बारा टोकं झाली. टोकं वर वळवली आणि त्यांच्यातून आडवी पट्टी घालायला सुरुवात केली. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. हौसानं टोकांकडे बघितलं, ओठ मिटले आणि आपलं काम चालू ठेवलं. तीन दिवसांत टोपली झाली. फेरे एकाखाली एक असे बसले होते की जणू एकाच साच्यातून काढले असावेत. नारूशेटनं ती दुकानातल्या दागिन्यासारखी फडक्यात गुंडाळून घरी नेली.

"मामंजी, ही तुम्ही केलीत?" सगुणा खरोखरच हरखली. "आज मळ्यातून लिंबं आणायचीत. हीच नेते."

नारूशेटही तिच्याबरोबर मळ्यात गेला. कारण उघड होतं. येताना पारावरून यावं लागतं, आणि सात जणांनी टोपली बघायला हवी होती.

सात जणांनी ती बघितली. सगुणा पारासमोर आली आणि तिच्या कडेवरच्या टोपलीचे फेरे एकामागून एक वर सरकले. कामट्या फुलासारख्या उमलल्या. पन्नास-साठ लिंबं उतारावरून पाराकडे धावत सुटली. एक म्हातारा पाय वर घेऊन बसला. दुसऱ्यानं धोतराच्या ओच्यात चार झेलली.

"सोनाराची टोपली!" तो ओरडला. "हिला आतून टाका मारायचा राहिला वाटतं!"

सगळा पार हसला. गणूतात्या मात्र हसले नाहीत. ते पाराच्या कडेला आले आणि म्हणाले, "नारूशेट, ही टोपली तुम्ही केलीत. म्हणजे कोयता धरलात."

"धरला, तात्या."

"गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. झालं गेलं आम्ही विसरतो. आजपासून हत्यार टाका आणि उद्या सकाळी आपल्या जागेवर येऊन बसा. नाहीतर जागा गेली. पहिलं पान गेलं, शेवटचा शब्द गेला. पुन्हा मिळायचा नाही."

सगुणाला वाटलं, आता मामंजींचा चेहरा पडेल. पण नारूशेट खाली उकिडवा बसला होता. मोडकी टोपली त्याच्या मांडीवर होती आणि त्याची बोटं फेऱ्याफेऱ्यावरून फिरत होती.

"शेट, मी काय म्हणतोय?" गणूतात्यांचा आवाज चढला.

"ऐकतोय, तात्या, ऐकतोय," नारूशेट मान वर न करता म्हणाला. "हे बघा, शेवटचा फेरा नाही सुटलेला. ही तिसऱ्या फेऱ्यापासूनच घसरत होती. पण का?"

त्याच्याही हे नंतरच लक्षात आलं. माणूस आपली जागा घालवत होता, आणि मनात विचार होता तो तिसऱ्या फेऱ्याचा. कित्येक महिन्यांत त्याच्या मनात असा 'का' आला नव्हता. लिंबं गोळा करून त्यानं सगुणाच्या पदरात घातली आणि तसाच तो हौसाच्या अंगणाकडे वळला.

हौसाला टोपली बघून सगळं कळलं. तिनं आधी पोटभर हसून घेतलं.

"तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," नारूशेट म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या दुकानात शिकणाऱ्याला पहिला चटका तुम्ही बसू देत होतात का नव्हतात?"

"देत होतो."

"मग! आता सांगा, टोकं किती घेतलीत?"

"बारा."

"बाराच का?"

"सहा जोड्या."

"कानाला जोडी लागते, शेट. टोपलीला एक जास्तीची लागते." हौसानं मोडकी टोपली पुढं ओढली आणि पट्टी बोटात धरून फिरवली. "हे बघा. टोकं बारा असली की फेरा पुरा झाल्यावर पट्टी पुन्हा जिच्यावरून गेली तिच्याच वरून जाते. जिच्याखालून गेली तिच्याच खालून. दुसऱ्या फेऱ्याला तेच, दहाव्याला तेच. दिसायला देखणं. पण धरत कुणी कुणाला नाही. आता ही घ्या."

तिनं त्याच्या हातात एक आखूड कामटी दिली. नारूशेटनं ती दोन टोकांच्या मधे खोचली. तेरा झाली. तो पुन्हा विणायला लागला. वर, खाली, वर, खाली. एक फेरा संपला आणि दुसऱ्या फेऱ्याला पट्टी आपोआप वाट बदलून गेली. मघाशी जिच्यावरून गेली होती, तिच्या आता खालून गेली. नारूशेटनं दोन बोटांनी फेरा वर ओढून बघितला. हलला नाही.

"ही तेरावी," त्यानं विचारलं, "ही कुणाच्या जोडीची?"

"कुणाच्याच नाही. म्हणून तर सगळ्यांच्या उपयोगाची. हिला काढा, की त्या बाराही सुटल्या."

नारूशेट बराच वेळ त्या आखूड कामटीवरून बोट फिरवत राहिला. त्याला ओसरीवरून परसात आणि परसातून ओसरीवर जाणारी खाट आठवली, मिठाचा शिरा आठवला, आणि कोनाड्यातली डबी आठवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. हौसाला वाटलं, म्हातारा रडतोय. तो हसत होता.

पारावरची जागा गेली. गणूतात्यांनी तसा निरोपच पाठवला. नारूशेटनं उलट विचारलं, "शाल परत द्यायची का?" निरोप आला, "राहू दे. थंडीत लागेल."

आता एक अडचण होती. हौसाचं अंगण लहान. लांब कामट्या पसरायला, उन्हात सुकवायला सरळ मोकळी जागा गावात एकच होती, ती पारासमोर. तेव्हा नारूशेट रोज सकाळी तिथंच येऊन बसू लागला. पारावर नाही, पारासमोर, जमिनीवर. पारानं पहिले दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांवरचं बोलणं अर्धवट राहिलं, कारण निम्मे लोक नारूशेटचा हात बघत होते.

चौथ्या दिवशी खोडाकडून आवाज आला, "कोयता बोथट आहे तो."

"आहे, तात्या."

"आणि धार लावताना असा उभा धरतात होय? सुरी आहे का ती?"

"मग कसा धरायचा?"

गणूतात्या चुळबुळले. चाळीस वर्षं रंधा मारलेला हात मांडीवर आपोआप पुढंमागं व्हायला लागला होता. "इकडे आणा," ते म्हणाले.

"नको, तात्या. हत्यार धरलंत तर जागा जाईल."

गणूतात्यांनी खोडाकडे बघितलं. वर पारंब्यांकडे बघितलं. "जागा कुठं पळतेय? झाड तर इथंच आहे," असं म्हणत ते पारावरून खाली उतरले आणि पाणी घालून धारेच्या दगडावर कोयता घासायला बसले. त्यांना मागच्या कित्येक वर्षांत एवढ्या चपळाईनं उतरताना कुणी बघितलं नव्हतं.

श्रावण येईपर्यंत सातांपैकी पाच जण खाली होते. कुणी कामट्या सोलत होता, कुणी टोकं धरत होता, कुणी नुसत्याच चुका काढत होता. पण तोही गुडघ्यांचा विषय विसरला होता. वर दोघं उरले होते. त्यातला एक झोपलेला असे. एक दिवस कुणीतरी म्हणालं, "तेरा आकडा तेवढा बरा नव्हे रे. माणूस गेल्यावर तेरावं घालतात." त्यावर हौसा जाता जाता म्हणाली, "तेराव्याला गोडाचंच जेवण असतं ना, आजोबा? मग तोंड कडू का करता?"

घरीही बदल झाला होता. खाट अजून दिवसातून चार वेळा हलायची, पण नारूशेट तिच्यावर नसायचा. जुळ्या नातींचं भांडण झालं की तो मधे बसे. केशव रागावला की सगुणाच्या बाजूनं बोले, सगुणा चिडली की केशवच्या. दर फेऱ्याला वाट बदलून. स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्यानं पुन्हा हात लावला नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. केशवनं पाटावर चिमटा, फुंकणी, हातोडी मांडली. नारूशेट आतून आला आणि त्यानं त्यांच्या शेजारी आपला कोयता ठेवला. गावात हत्यारं देऊन टाकल्यावर नवं हत्यार पूजेला मांडणारा तो पहिलाच माणूस. केशवनं कोयत्यालाही हळद-कुंकू वाहिलं.

मग नारूशेटनं कोनाड्यातली डबी उघडली आणि सात मोत्यांची कुडी मुलाच्या तळहातावर ठेवली.

केशव हळूच म्हणाला, "आईची. हिची जोडी करू, बाबा?"

"नको. नथ कर. सगुणासाठी." नारूशेट हसला. "नाकाला जोडी लागत नाही. पन्नास वर्षं मी नथी घडवल्या रे, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही."

"मोती कसे लावू? तुम्ही शेजारी बसून सांगा."

"तुला येतं ते. मला वेळ नाही, मला आज रोवळीची वीण शिकायचीय. बारीक काम आहे. हौसा ओरडते."

सगुणा दाराआडून ऐकत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि पानं वाढायला घेतली. नारूशेट जेवायला बसला. दोन भाकऱ्या संपल्या. सगुणा सवयीनं भाकरीची टोपली घेऊन आत वळली, तेवढ्यात मागून हाक आली.

"सूनबाई, आण इकडे. आज एक जास्तीची."

तात्पर्य: उतारवयात मानाची जागा सांभाळत बसण्यापेक्षा नवं काही शिकायला खाली बसावं. जो शिकत राहतो तो कुणाला जड होत नाही. जास्तीचा वाटणारा माणूसच मग घराची आणि गावाची वीण घट्ट धरून ठेवतो.